एचपीव्हीसाठी लघवी देताना पहिली धार सोडू नका

लघवी तपासायला गेलेल्या बाईला सवयीने सांगितलं जातं: आधी धुऊन घ्या, पहिली धार सोडा, मधली बाटलीत धरा. जंतुसंसर्ग शोधायचा असेल तर ते बरोबर. पण गर्भपिशवीच्या तोंडाचा (गर्भाशयमुखाचा) कॅन्सर घडवणारा एचपीव्ही हा विषाणू शोधायचा असेल, तर याच सूचनेने तपासणी वाया जाते.

हा विषाणू आपण मूत्राशयात शोधत नसतो. गर्भाशयमुखाच्या झडलेल्या पेशी स्रावाबरोबर योनीतून खाली येतात आणि मूत्रमार्गाच्या तोंडाभोवती साचतात. लघवीची पहिली धार त्या धुऊन नेते. म्हणून पहिले साधारण २० मिलीच हवेत. आधीच्या लघवीनंतर किमान तासभर गेलेला असावा, लघवीची जागा धुतलेली नसावी, पाळी चालू नसावी (रक्तामुळे पीसीआर, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, अडते). अगदी पहिल्या थेंबापासून धरायचं, बाकीची लघवी बाहेर जाऊ द्यायची. मोठी बाटली काठोकाठ भरली तर विषाणूचा डीएनए पातळ होतो. बेल्जियममध्ये तयार झालेलं कोली-पी हे उपकरण पहिली धार मोजून घेतं आणि तिथल्या तिथे टिकवण्याच्या द्रावणात मिसळतं.

ते द्रावण चैनीची वस्तू नाही. लघवीतली विकरं (एन्झाइम) डीएनएचे तुकडे करतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात उपकेंद्रातून प्रयोगशाळेपर्यंत जाणाऱ्या साध्या बाटलीत ते काम जोरात चालतं. ईडीटीए हे विकरांना रोखणारं रसायन असलेलं द्रावण लगेच मिसळलं तर हे थांबतं. शिवाय प्रत्येक नमुन्यात मानवी जनुक, बहुधा बीटा-ग्लोबिन, सापडलं का हे पाहायलाच हवं; नमुन्यात बाईच्या पेशी आल्या याची ती खूण. ते सापडलं नाही तर अहवाल ‘निगेटिव्ह’ नाही, ‘नमुना अपुरा’ असा यायला हवा. कुठेही तपासणी करून घेताना एवढं जरूर विचारा.

लघवीत विषाणूचं प्रमाण गर्भाशयमुखावरच्या नमुन्यापेक्षा कमी असतं. २०१४ साली ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात १४ अभ्यासांचं एकत्र विश्लेषण आलं. गर्भाशयमुखावर धोकादायक एचपीव्ही असलेल्या बायकांपैकी सुमारे ७७ टक्के लघवीतून सापडल्या होत्या, आणि पहिल्या धारेचे निकाल इतर लघवीपेक्षा स्पष्टपणे चांगले होते. पुढे बेल्जियमच्या ‘वॅल्हूड्स’ अभ्यासात पहिली धार, टिकवण्याचं द्रावण आणि चांगलं पीसीआर एकत्र आलं, तेव्हा कॅन्सरपूर्व बदल ओळखण्यात लघवी डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळ पोचली. यातली एक कडी निसटली तरी तो भरवसा उरत नाही.

एचपीव्ही तपासणीने जीव वाचतात हे आपल्याच मातीत सिद्ध झालंय. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि आयएआरसी ही जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मात्र तो नमुना गर्भाशयमुखावरून घेतलेला होता. आणि तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या जेमतेम २ टक्के भारतीय बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी कोणतीही तपासणी कधीतरी झालेली दिसते. टेबलावर झोपायची लाज, योनी उघडून पाहण्याच्या उपकरणाची (स्पेक्युलमची) भीती, घरच्यांचा नकार, सगळं त्यात आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. जिला जमेल तिने योनीतून स्वतः स्वॅब घ्यावा. त्याला पुराव्याचा आधार जास्त आहे. जी त्यालाही तयार नाही, तिला लघवीची बाटली द्यावी. तिच्यासाठी पर्याय ‘काहीच नाही’ हा असतो. सुरुवात तिशीनंतर, त्याआधी संसर्ग पुष्कळ सापडतो आणि बहुतेकांचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो.

पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे, हे बाटली देतानाच सांगा. पण त्या बाईला पुढे ॲसिटिक ॲसिडची तपासणी (ते लावून गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहणं) किंवा कोल्पोस्कोपी (दुर्बिणीतून पाहणं) लागणार, म्हणजे टेबल तिला टळत नाही. ती कुठे, कोणत्या वारी होईल आणि सोबत कोणती आशाताई येईल हे आधी ठरलेलं नसेल, तर शिबिर घेऊच नका. घाबरलेली बाई घरी बसते आणि उपचार राहून जातात.

आणि संबंधांनंतर रक्त जात असेल, पाळी बंद झाल्यावर पुन्हा लाल दिसत असेल किंवा अंगावरून दुर्गंधीचं पाणी जात असेल, तर लघवीच्या अहवालाची वाट पाहू नका. थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. अशा वेळी अहवाल निगेटिव्ह असला तरी गर्भाशयमुख डोळ्यांनी पाहावंच लागतं.