तुम्ही व्हा पुढे, मी येतोच

पुण्यातून दहा मोटारसायकली एकत्र निघू शकतात यावर माझा विश्वास आहे. त्या एकत्र पोचतील, हे मात्र व्यवस्था पाहिल्याशिवाय मी मान्य करणार नाही. दहांत एक ड्यूक असते, दोन हिमालयन, तीन बुलेट, एक पल्सर, एक युनिकॉर्न, एक सपत्नीक स्प्लेंडर आणि "गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय, पण मी येणारच" म्हणत आलेली एक ॲक्टिव्हा. या दहांनी एका वेगाने जावं ही अपेक्षा म्हणजे पंगतीत सगळ्यांचा भात एकदम संपेल अशी वाढप्याने धरलेली आशा.

उदाहरणाला ताम्हिणीमार्गे माणगावचा रस्ता घेऊ, कारण पावसाळ्यात पुणेकराला दुसरा रस्ता दिसतच नाही. घोळ चांदणी चौकातच सुरू होतो. 2022 साली जुना पूल पाडला, पुढच्या वर्षी नवे रस्ते खुले झाले, आणि तेव्हापासून "चांदणी चौकात भेटू" म्हणताना कुठल्या मजल्यावर तेही सांगावं लागतं. अर्धे खाली उभे, अर्धे वर, आणि एक जण नाइलाजाने मुंबईच्या दिशेने. म्हणून भेट थेट भूगावच्या पुढे, एखाद्या पेट्रोलपंपावर ठेवावी. टाक्याही तिथेच भरून होतात. ॲक्टिव्हाच्या टाकीत सव्वापाच लिटरच्या आसपास मावतं. पुढचे पेट्रोलचे थांबे तिच्या टाकीवरून ठरवायचे, हिमालयनच्या नव्हे. हिमालयनवाल्याला हे पटत नाही, पण त्याला तसंही काही पटत नसतं.

आता वेग. सभेत नेहमी एक समंजस ठराव येतो: ना फार जोरात, ना फार हळू, मधला वेग धरू. या ठरावाने दोन्हीकडची माणसं नाराज होतात आणि हळू जाणारा तर धोक्यातही येतो. कारण रांग रबरासारखी ताणली जाते. गतिरोधक आला की पहिला गाडी हळू करतो, ओलांडतो आणि लगेच वेग घेतो; तेव्हा दहावा अजून गतिरोधकापर्यंत पोचलेलाही नसतो. भूगाव ते पिरंगुट गतिरोधक, म्हशी, शाळेची बस आणि मधूनच वळणारा टेम्पो हे सगळं पार होईपर्यंत शेवटचा सहज मिनिटभर मागे पडतो. ताशी 60 च्या वेगाला एक मिनिट म्हणजे एक किलोमीटर. पुढचे 60 नेच जात राहिले आणि यानं 70 चा वेग धरला, तर ते अंतर मिटायला सहा मिनिटं आणि सात किलोमीटर लागतात. म्हणजे ज्याला 60 ची भीती वाटते, त्यालाच आपण ओल्या रस्त्यावर 70 ने पळवतो. पुढच्याने 50 वर उतरावं आणि मागच्याने आपले 60 धरावेत, तरी सहाच मिनिटं लागतात. फरक एवढाच, की यात कुणी जिवावर उदार होत नाही.

म्हणून सगळ्यांत हळू गाडी लीडच्या, म्हणजे रांगेत पहिला असणाऱ्याच्या, लगेच मागे, दोन नंबरला. लीडने आरशात तिचा दिवा बघत वेग ठरवायचा. शेवटी स्वीप, म्हणजे मागे कुणी राहिलं नाही ना हे बघणारा: हातचा पक्का, डोक्याने थंड, सामानात पंक्चरचं किट, हवेचा छोटा पंप आणि प्रथमोपचाराची पेटी. स्वीप कुणालाही ओलांडत नाही. हे काम ड्यूकवाल्याला देऊन बघा असं मी म्हणणार नाही. तो पहिल्या पाच किलोमीटरांत लीडच्या पुढे दिसेल.

सरळ रस्त्यावर गाड्या नागमोडी लावतात: एक लेनच्या उजव्या भागात, पुढची डाव्या भागात, तिरक्या रेषेतल्या पुढच्या गाडीशी एक सेकंदाचं अंतर, आपल्या रेषेतल्या पुढच्या गाडीशी दोन सेकंदांचं. पुढची गाडी खांबापाशी पोचली की "एक हजार एक, एक हजार दोन" मोजायचं. पावसात ते दुप्पट. घाट लागला की नागमोड मोडून एकेरी रांग, कारण वळणावर प्रत्येकाला पूर्ण लेन लागते. फोटोत नागमोड छान दिसते म्हणून काही जण वळणावरही ती सोडत नाहीत. समोरून येणाऱ्या एसटीला तुमच्या फोटोशी देणंघेणं नसतं.

ओव्हरटेकचं तर वेगळंच. लीड ट्रक ओलांडतो, मागचा त्याच्या भरवशावर निघतो आणि समोर डंपर. रस्ता लीडसाठी मोकळा होता, तुमच्यासाठी नाही. प्रत्येकाने स्वतः बघून, एकेकट्याने ओलांडायचं. आणि ओलांडणाऱ्याने पुढे गेल्यावर लगेच थ्रॉटल सोडायचा नाही. तो तिथेच रेंगाळला तर मागून येणाऱ्याला ट्रकच्या पुढे शिरायला जागा उरत नाही. लोक नेमके इथेच चुकतात, कारण पुढे गेल्यावर मागे वळून "जमलं ना?" बघायचा मोह आवरत नाही.

तरी ड्यूकवाल्याचं काय, हा प्रश्न राहतोच. त्याला दिवसभर ॲक्टिव्हामागे चालवणं क्रौर्य आहे, आणि ताम्हिणीत रेंज जात-येत असल्याने लाइव्ह लोकेशनचा ठिपका तासभर एकाच झाडावर बसून राहतो. इथे कामाला येतो फाट्यावरचा माणूस. लीडने फाट्यावर बोट दाखवलं की त्याच्यामागचा तिथे, लांबून दिसेल अशा जागी, रस्त्याच्या कडेला थांबतो आणि स्वीप दिसेपर्यंत वाट दाखवत राहतो. मग स्वीपच्या पुढे रांगेत शिरतो. दोन नंबरला मुद्दाम हळू गाडी ठेवली असेल तर ही पाळी तीन नंबरपासून सुरू करायची. पिरंगुटला लवासाचा फाटा, पौडला कोळवणचा, ताम्हिणीच्या अलीकडे लोणावळ्याकडे जाणारा, आणि खाली माणगावला मुंबई-गोवा महामार्ग: एवढ्या ठिकाणी माणूस उभा राहिला की मधल्यांनी एकमेकांच्या शेपटीला धरून जायची गरज उरत नाही. लीड आणि स्वीप यांच्यामध्ये ज्याने त्याने आपल्या वेगाने जावं. अडचण एकच. फाट्यावर मारणं आपल्याला उपजत येतं, फाट्यावर थांबणं शिकवावं लागतं.

घाट उतरताना मात्र सगळ्यांनीच ॲक्टिव्हाचं ऐकावं. गिअरच्या गाडीला दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन आवरून धरतं. स्कूटरला तो आधार तुटपुंजा, सगळा भार ब्रेकवर. सतत ब्रेक धरून उतरलं की लायनर तापतात आणि लिव्हर दाबूनही गाडी तिच्या मनात येईल तेव्हा थांबते. मध्ये एक थांबा घेऊन ब्रेक निवू द्यावेत. त्याला धबधब्याचा थांबा म्हणावं, म्हणजे कुणी कुरकुर करत नाही.

आता चहा. खरा अन्याय चहाच्या टपरीवर होतो. पन्नास किलोमीटरचा टप्पा 70 ने जाणारा 43 मिनिटांत संपवतो, 50 ने जाणारा तासाभरात. वेगवान मंडळींचा चहा, भजी, दुसरा चहा आणि गाड्यांच्या मायलेजवरचा परिसंवाद उरकतो, तेव्हा स्प्लेंडर येऊन थांबते. दोघं उतरतात न उतरतात तोच हेल्मेटं चढवायला सुरुवात: "आलात? चला, निघूया!" विश्रांती कुणाला, तर जो थकलाच नव्हता त्याला. दुपारपर्यंत स्प्लेंडर आणखी हळू होते आणि सगळे म्हणतात, बघा, मी म्हटलं नव्हतं? थांब्याचं घड्याळ शेवटच्या माणसाने हेल्मेट काढल्यावर सुरू करायचं, आणि तिथून पुरती वीस मिनिटं. पहिल्यांनी तोवर बिल द्यावं.

आठाच्या वर गाड्या असतील तर सरळ दोन गट करावेत, आणि वेगवान गट आधी सोडावा. हळू गट आधी सोडला तर घाटात आपलेच आपल्याला ओलांडत बसतात. ही योजना निर्दोष आहे. फक्त वेगवान गटातली माणसं सहसा उशिरा उठतात.

परतीला गट कुठे मोडणार हे सकाळीच जाहीर करावं. पिरंगुटला सगळ्यांनी थांबून, मोजून, एकमेकांचा निरोप घ्यावा. तो न घेता एखादा गर्दीतून बावधनकडे सटकतो. स्वीप भूगावात कडेला उभा राहून रात्री साडेनवापर्यंत प्रत्येक येणारा दिवा न्याहाळत फोन लावत राहतो. फोन उचलला जात नाही, कारण हा गृहस्थ घरी पोचून, अंघोळ उरकून, वरणभात खाऊन झोपलेला असतो.