‘शिष्य करा’ म्हणजे माणसं मोजा, असं येशूने कुठं सांगितलंय?

सध्या नंदुरबार-धुळ्याकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. येशूने शिष्यांना धर्मांतराचं टार्गेट दिलं, ते टार्गेट पैसा, धान्य, दवाखाना दाखवून पुरं करतात, हे काम पगारी प्रचारकांचं असतं, आणि जो तिकडे जातो तो आपली बोली नि संस्कृती सोडतो, अशा चार गोष्टी त्यात लिहिल्यात. मी नवापूर तालुक्यातला, ख्रिस्ती मंडळीत म्हणजे चर्चमध्येच वाढलोय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

टार्गेटचं आधी बघू. ‘शिष्य करा’ ही आज्ञा बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकात २८ व्या अध्यायाच्या शेवटी आहे. शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, एवढंच फॉरवर्ड होतं, पण लगेच पुढे आहे की मी जे जे सांगितलं ते सगळं पाळायला शिकवा. आता पाळायला शिकवणं एका दिवसात होतं का भाऊ? दारू सुटायला, बायकोवर उठणारा हात थांबायला, बांधावरून भांडलेल्या भावाला मनापासून माफ करायला माणसाची वर्षं जातात, त्याचा आकडा कसा काढणार? आणि त्याच मत्तयात २३ व्या अध्यायात, एक माणूस आपल्यात ओढायला समुद्र नि जमीन पालथी घालणाऱ्या धर्मपुढाऱ्यांना येशूने फार कडक बोल लावलेत. हो, आमच्यातलेही काही प्रचारक नदीवरच्या बाप्तिस्म्याचे फोटो टाकून खाली संख्या लिहितात, मला ते अजिबात पटत नाही आणि तसं मी तोंडावर बोलतो.

दुसरा मुद्दा आमिषाचा, आणि खरा राग मला याचाच येतो. येशूकडे एक श्रीमंत तरुण आला, त्याला सांगितलं की आहे ते विकून गरिबांना दे नि मग माझ्यामागे ये, तो खिन्न होऊन निघून गेला, येशूने त्याला जाऊ दिलं, अट कमी केली नाही. योहान ६ मध्ये भाकरी खाऊन मागे आलेली गर्दी होती, शिकवण जड वाटल्यावर पुष्कळ जण परत फिरले, तेव्हा त्याने आपल्या बारा शिष्यांनाही विचारलं, तुम्हालाही जायचंय का? आमिष दाखवणारा माणूस असं विचारत नाही. दवाखान्याचं म्हणाल तर आपल्या चिंचपाड्याचं ख्रिस्ती हॉस्पिटल बघा, तिथं सगळ्या जातीधर्माचे पेशंट जातात आणि बरे होऊन आपापल्या घरी येतात. लूक १७ मध्ये दहा कुष्ठरोगी बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, म्हणून बाकी नऊ जणांचं बरेपण येशूने काढून घेतलं नाही. सेवा अशी करायची असते. आणि कोणी खरंच पैसे वाटून बाप्तिस्मे देत असेल तर तो आमच्याच शास्त्राविरुद्ध वागतोय, देवाचं दान पैशाने विकत घ्यायला निघालेल्या शिमोनला पेत्राने कसं झिडकारलं ते प्रेषितांच्या कृत्यांत ८ व्या अध्यायात आहे. सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये सांगितलं की धर्माचा प्रचार करायचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा नाही. मन बदलणं देवाचं काम आहे असं आम्ही मानतो, त्यामुळे जबरदस्तीला जागाच उरत नाही. शिवाय अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला तर १९५० च्या आदेशाप्रमाणे त्याचं आरक्षण जातं, म्हणजे त्याला मिळायच्या आधी गमवायचंच आहे.

पगारी प्रचारकांचा मुद्दा तर आमच्या भागात येऊन बघा. दिवाळीनंतर निम्मी निम्मी गावं ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात, पाळक म्हणजे आमचा धर्मगुरू काही प्रत्येक पडावावर, मजुरांच्या तळावर, जात नाही. तिथं संध्याकाळी चूल पेटल्यावर ज्याला वाचता येतं तो वचन वाचतो, एखादी म्हातारी नवीन लग्न झालेल्या पोरीला प्रार्थना शिकवते, दोघी मिळून तिच्या घरातलं रडगाणं देवापुढे मांडतात, आणि मुकादम मंडळीतला असेल तर मजुरांचा हिशोब तो चोख ठेवतो की नाही हे सगळे बघत असतात, कारण पडावावरच्या पोरांना येशूचं पाळणं काय असतं ते त्या हिशोबाच्या वहीत दिसतं. बायबलमध्येही असंच आहे. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे नवरा-बायको तंबू बनवून पोट भरायचे, त्यांनी अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला आपल्याकडे नेऊन नीट समजावून सांगितलं. प्रेषित पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य, त्याचा विश्वास आधी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता. पुढे पौल त्याला लिहितो की तू माझ्याकडून ऐकलंस ते विश्वासू माणसांना दे, म्हणजे ते इतरांना शिकवतील. यातल्या आजीला नि आईला पगार कोणी दिला?

राहिला बोली नि संस्कृतीचा. यहूदी नसलेल्यांना आधी यहूदी रीतीरिवाज लावायचे का, हा वाद पहिल्या शतकातच यरुशलेमच्या सभेत मिटला, लावायचे नाहीत असं ठरलं. आपल्या मराठीत ना. वा. टिळकांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले, ते आम्ही टाळ-पेटीवर म्हणतो. नवापूरकडे प्रार्थना मावचीत, म्हणजे इथल्या आदिवासी बोलीत होते, मावचीत नवा करारही आहे, खाली धुळे-जळगावकडे दोन बाया भेटल्या तर एकमेकींसाठी अहिराणीत प्रार्थना करतात. यात कोणती बोली सुटली ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.