चाळीस हजार डॉलर कुणी परत देत नाही

होळीच्या पुरणपोळ्यांचे फोटो संपले की आमच्या न्यू जर्सीच्या ग्रुपवर टॅक्सचे फॉरवर्ड सुरू होतात. यंदाचा असा: ‘नव्या कायद्याने सॉल्टची मर्यादा १० हजारांवरून ४० हजार झाली. घर असलेल्या प्रत्येकाने आयटमाइझ करा, ४० हजार परत मिळवा. भारतातल्या घराचा टॅक्स आणि देणग्याही धरा. स्टँडर्ड घेणारा वेडा!’

सॉल्ट म्हणजे स्टेट आणि लोकल टॅक्सची वजावट. आयटमाइझ म्हणजे एकेक खर्च मांडून वजावट घेणं, आणि स्टँडर्ड म्हणजे त्याऐवजी मिळणारी ठरावीक वजावट. ‘परत मिळवा’ हे साफ चूक. ४० हजार ही २०२५ सालची मर्यादा आहे. स्टेटचा इन्कम टॅक्स आणि घराचा प्रॉपर्टी टॅक्स मिळून जेवढे खरोखर भरलेत तेवढेच धरता येतात, आणि तेही उत्पन्नातून वजा होतात, टॅक्समधून नव्हे. उत्पन्न ५ लाखांच्या वर गेलं की ही मर्यादाही आकसत जाते.

‘घर असलेल्या प्रत्येकाने’? आमचंच गणित मांडतो. २०२५ सालचा प्रॉपर्टी टॅक्स ११,०००, स्टेट टॅक्स ८,५००, मॉर्गेजचं व्याज १४,०००, देणग्या १,५००. बेरीज ३५,०००. नवराबायकोच्या एकत्र रिटर्नला स्टँडर्ड डिडक्शन ३१,५००. म्हणजे आयटमाइझ करून जास्तीची वजावट ३,५०० ची, आणि आमच्या २२ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये हाती वाचले ७७० डॉलर. वाईट नाही, जुन्या १० हजारांच्या मर्यादेत आमची बेरीज २५,५०० वरच अडली असती. तेव्हा २०१८ पासून ज्यांनी शेड्यूल ए, म्हणजे आयटमाइझ करायचा फॉर्म, उघडलंच नाही त्यांनी यंदा बेरीज करून बघावी, एवढं फॉरवर्डचं बरोबर. पण ह्यूस्टनच्या मावसभावाला स्टेट इन्कम टॅक्सच नाही. २०२१ मध्ये तीन टक्क्यांखाली रिफायनान्स केल्यामुळे त्याचं व्याज ८,०००, प्रॉपर्टी टॅक्स ९,०००. घर आमच्यापेक्षा मोठं, तरी त्याला स्टँडर्डच परवडतं.

पुण्याच्या फ्लॅटचा प्रॉपर्टी टॅक्स २०१८ पासून चालत नाही. गावच्या देवस्थानाला थेट पाठवलेले पैसेही नाहीत. ८०जी ची, म्हणजे भारतातल्या करसवलतीची, पावती इथे दाखवून उपयोग नाही. संस्था अमेरिकेत करमुक्त म्हणून मान्य हवी. मंडळाच्या गणपतीच्या तिकिटातून जेवणाची आणि कार्यक्रमाची किंमत वजा करा, मग देणगी किती उरते ते बघा.

राहिला तो ‘वेडा’. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पहिल्या पाच वर्षांत शिकणाऱ्या बहुतेक परदेशी मुलांना स्टँडर्ड डिडक्शन मिळतच नाही. भारतातून आलेल्या आपल्या मुलांना मिळतं, ते भारत-अमेरिका कर-करारातल्या २१व्या कलमामुळे. २०२५ साठी ते १५,७५० आहे. माझा भाचा हा फॉरवर्ड वाचून ते सोडायला निघाला होता. त्याऐवजी धरायला त्याच्याकडे होता कापला गेलेला स्टेट टॅक्स, ६१२ डॉलर.