‘चष्मा घाटात बंद पडला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा. आमच्या सायकल फेरीला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंत, ‘ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटीचा चष्मा दौलताबादच्या घाटात बंद पडला, त्याआधी बाणाने चुकीचं वळण दाखवलं, ६०० रुपये पाण्यात.’ त्रास झाला, मनापासून माफी मागतो. काचेवर वाट दाखवणाऱ्या बाणाची चूक आमचीच. घाटातल्या दिल्ली दरवाजापाशी तटबंदी आणि डोंगर लगत आहेत, तिथे जीपीएस काही मीटर सरकतं. निघतानाच सांगायला हवं होतं.

पण चष्म्याचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. बुकिंग सकाळी ६ चं होतं. साडेपाचला दुकान उघडून, टायरमध्ये हवा भरून, चष्मा फोनला जोडून मी उभा होतो. तुम्ही आलात ८:४० ला. तेव्हाच म्हणालो होतो, ‘दादा, एप्रिलचं ऊन आहे, उद्या पहाटे जा, पैसे तेच.’ तुम्ही म्हणालात, ‘काही होत नाही.’

या चष्म्यात कडेला छोटा डिस्प्ले असतो. त्याचा उजेड काचेवर पडतो आणि वेग, चढ, बाण डोळ्यांसमोर दिसतात. ऊन कडक झालं की तो उजेड वाढवावा लागतो, मग बॅटरी भराभर उतरते, फ्रेम तापते. फार तापली की बॅटरी जपायला चष्मा आपोआप बंद होतो. हा बिघाड नाही हो. तुम्हीच टाकलेल्या दुसऱ्या फोटोत शरणापूर फाट्याच्या रसवंतीवर तुम्ही सावलीत रस पिताय आणि काळा चष्मा उन्हात सीटवर पडलाय. तो फोटो मी दहादा पाहिला. कर्ज काढून असे ४ चष्मे घेतलेत.

खरं वाईट याचं वाटतं की पुढचं तुम्हाला दिसलंच नाही. खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीशी सायकल थांबली की काचेवर उमटतं, १६१० मध्ये यानेच खडकी, म्हणजे आपलं छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद), वसवलं, आणि शहरात पाणी आणणारी नहरही त्याचीच. ते लिहायला मला दोन महिने लागले. पहाटे गेलेली माणसं परत येऊन त्याबद्दलच विचारत बसतात.

उन्हाळ्यात उशिरा चष्मा द्यायचा नाही असं ठरवतोय, बाणाचंही बघतो. तुम्ही कधीही पहाटे या, ती फेरी माझ्याकडून. रिव्ह्यू काढा म्हणत नाही. किती वाजता निघालात, तेवढं मात्र त्यात लिहा.