ब्रँड विकला, पण घाई कुणाची होती?

जानेवारी २०२५ मध्ये हिंदुस्तान युनिलिव्हरने जयपूरच्या ‘मिनिमलिस्ट’ या त्वचानिगेच्या ब्रँडमधील ९०.५ टक्के हिस्सा घेण्याचे जाहीर केले, तेव्हा ठाण्यातील माझ्या मित्रमंडळींत दोन तट पडले. २०२० मध्ये सुरू केलेला ब्रँड इतक्या लवकर बड्या कंपनीच्या पदरात टाकणे म्हणजे कच खाणे, असे एकांचे म्हणणे होते. तर वेळीच बाहेर पडणे हेच उद्योजकाचे खरे कसब, असे दुसऱ्यांचे. हॅम्बुर्गमध्ये राहून हे वाद ऐकताना मला एक गोष्ट खटकते. सगळे विकणाऱ्याच्या वृत्तीवर बोलतात. अशा ब्रँडमागच्या पैशाला मुदत किती असते, हे कुणी विचारत नाही.

नव्या कंपन्यांत पैसा घालणाऱ्या व्हेंचर कॅपिटल फंडाचे आयुष्य साधारणतः दहा वर्षांचे असते, त्यामुळे ब्रँडमध्ये घातलेली रक्कम त्याला पाच-सात वर्षांत सोडवून घ्यावी लागते. मोठ्या कंपनीतील पक्की नोकरी सोडून अशा ठिकाणी आलेल्या अधिकाऱ्याला पगारासोबत ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, मिळतात, पण विक्री झाल्याशिवाय किंवा कंपनी शेअर बाजारात आल्याशिवाय सहसा त्यांचे पैसे होत नाहीत. मग ग्राहकाला सवय लागण्याची वाट पाहण्यापेक्षा सवलती आणि जाहिराती यांच्या जोरावर विक्रीचा आकडा फुगवण्याकडे कल झुकला, तर त्यात नवल ते काय?

इथल्या, हॅम्बुर्गच्या, बायर्सडॉर्फ कंपनीची निव्हिया क्रीम १९११ पासूनची. महायुद्धानंतर अनेक देशांतील तिच्या नावाचे हक्क कंपनीच्या हातून गेले आणि ते परत मिळवण्यात काही दशके गेली. ब्रिटनमधले १९९२ मध्ये परतले, पोलंडमधले १९९७ मध्ये. दहा वर्षांच्या फंडाला हे परवडले नसते. कंपनी शेअर बाजारात असली, तरी तिचा मोठा हिस्सा चिबो कॉफीवाल्या हेर्त्स कुटुंबाकडे आहे. ही जर्मनांची उपजत चिकाटी, असे घरी कौतुकाने म्हटले जाते. मला ते पटत नाही. वारसांनी धंदा पाच किंवा सात वर्षे टिकवून कामगारांचा एकूण पगारखर्च राखला, तर येथील कायदा वारसाकरात मोठी सूट देतो. चिकाटीला करसवलतीचाही टेकू आहे. शिवाय असल्या घराण्यांच्या कंपन्यांत हुशार अधिकारी बहुधा जन्मभर पगारदारच राहतो, हेही सांगायला हवे.

आणि मालकी कुटुंबाची असली म्हणजे ब्रँड विकलाच जात नाही, असेही नाही. १९२५ मध्ये ठाण्यात गिरणीपासून सुरू झालेल्या रेमंड समूहाने २०२३ मध्ये पार्क अव्हेन्यू (कपडे वगळून, प्रसाधनांपुरता) आणि कामसूत्र हे ब्रँड गोदरेज कन्झ्युमरला २,८२५ कोटी रुपयांना विकले, तेव्हा कर्जाचा भार उतरवणे हा एक उद्देश होता. गिरणीच्या जमिनीवर आज टॉवर उभे आहेत. उलट डोंबिवलीत कारखाना असलेले, १९५२ पासूनचे विको, आपले उत्पादन सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध यावर उत्पादन शुल्क खात्याशी वर्षानुवर्षे भांडत राहिले आणि आजही पेंढरकर कुटुंबाकडेच आहे.

घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला सध्या खाद्यपदार्थांच्या एका नव्या ब्रँडकडून बोलावणे आले आहे. पदनाम आणि ईसॉपची टक्केवारी तिने लगेच कळवली. गुंतवणूकदाराचा फंड कोणत्या वर्षी बंद होतो आणि नोकरी सोडल्यास ईसॉप वापरायला किती दिवस मिळतात, हे सही करण्यापूर्वी लेखी विचारून घे, असे मी तिला कळवले आहे.