कांजिण्या लपवू नका, कळवा

आमच्या परभणीत अजूनही कांजिण्यांना ‘बाया आल्या’ म्हणतात आणि त्यांचा बोभाटा केला तर कोप होतो, असे मानतात. गेल्या महिन्यात माझ्या सात वर्षांच्या मुलीला कांजिण्या झाल्या, तेव्हा या मौनाची किंमत मला कळली.

आधी कणकण होती. मग पाठीवर चार-पाच लाल पुरळ उठले. दोन दिवसांनी त्याच पाठीवर नुसते ठिपके, पाण्याने टरारलेले फोड आणि धरू लागलेल्या खपल्या शेजारी-शेजारी दिसत होत्या. हीच कांजिण्यांची खूण. गोवराच्या पुरळात असे पाणी धरत नाही, आणि त्याआधी खोकला, वाहणारे नाक व लाल डोळे असतात. गोवर-रुबेलाची लस दिली म्हणजे कांजिण्याही टळल्या, असे मी समजत होते. पण कांजिण्यांची लस वेगळी आहे, ती सरकारी मोफत लसीकरणात नाही आणि खासगीत पैसे देऊन घ्यावी लागते.

सासूबाईंनी दाराला लिंबाचा डहाळा बांधला आणि आल्यागेल्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवले. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत रुग्णाला वेगळे ठेवा, असेच डॉक्टरही सांगतात. आंघोळीची मनाई मात्र मी मानली नाही. घामाने खाज वाढते, पोरं ओरबाडतात आणि नखांनी फोड पिकतात; म्हणून कोमट पाण्याची आंघोळ, कापलेली नखे आणि सुती झबले. तापाला डॉक्टरांनी पॅरासिटामॉल दिले आणि अ‍ॅस्पिरिन चुकूनही देऊ नका, असे बजावले, कारण या आजारात त्याने मुलांच्या मेंदूला आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

खरा घोर दुसराच होता. लागण झाल्यापासून पुरळ उठायला १० ते २१ दिवस लागतात आणि पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच आजार पसरतो. दोन आठवड्यांपूर्वी वर्गातल्या एका मुलाला कांजिण्या झाल्या होत्या, हे मला नंतर कळले. घरच्यांनी कोणालाच सांगितले नव्हते. पुरळ उठण्याच्या आदल्याच दिवशी माझी धाकटी जाऊ सेलूहून आली होती, पाच महिन्यांची गरोदर, आणि लेकीला कुशीत घेऊन झोपली होती. जिला पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत, अशा गरोदर बाईला हा आजार जिवावर बेतू शकतो. वेळेत कळले तर डॉक्टरांना उपाय करता येतात.

मी त्याच रात्री तिला फोन केला आणि वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही स्पष्ट लिहिले. सासूबाईंना ते आवडले नाही. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या आहेत, असे जावेच्या आईने सांगितले, तपासणीतही तसेच निघाले. तोवर सासूबाई फोनजवळून हलल्या नव्हत्या.