वारसा विकणे आहे, वजन विचारू नये

जुन्या घरांतली भांडीकुंडी 'वारसा' म्हणून ऑनलाइन विकायच्या धंद्यात उतरताय, तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. तुम्ही भंगारवाले नाही. भंगारवाला हातगाडी ढकलत गल्लीत येतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडतो, काटा समोर धरतो आणि किलोचा भाव तोंडावर सांगतो. इतका प्रामाणिकपणा या धंद्याला झेपत नाही. तुम्ही 'क्युरेटर' आहात. म्हणजे नेमके कोण, हे तुम्हाला ठाऊक नसलं तरी बिघडत नाही, गिऱ्हाइकालाही ठाऊक नसतं.

पूर्वी हे काम बोहारणी करायच्या. दुपारची सामसूम झाली की वाड्यात शिरायच्या, उंबऱ्याशी टोपली उतरवायच्या आणि आईच्या जरीच्या शालूवर स्टीलचं एक पातेलं देऊन जायच्या. शालूची जर जाळली की चांदी निघते, हे आईला कळेपर्यंत पातेल्याचं बूड काळं पडलेलं असे. बोहारणीकडे रिंग लाइट नव्हता एवढंच. नाहीतर आज आपल्याला या धंद्यात कुणी उभं केलं नसतं.

तुम्ही बडोद्यात राहता हे तुमचं पूर्वसंचित. इतर गावांत जुनं घर उतरवलं की अडगळ निघते, आपल्याकडे इतिहास निघतो. गायकवाडांच्या मागोमाग आलेली आपली घराणी. दांडिया बाजार, रावपुरा इथे एकही मराठी घर असं सापडायचं नाही की ज्यांचे पणजोबा दरबारात नव्हते. कुणाचे हुजूर कचेरीत, कुणाचे खानगी खात्यात. प्रत्यक्षात ते पागेत चंदीचा हिशेब लिहीत असतील, पण पागाही सरकारांचीच होती. तेव्हा त्या घरातून आलेल्या कुठल्याही वस्तूला 'राजवाड्यातली' म्हणायला हरकत नाही. लक्ष्मी विलास पॅलेस १८९० मध्ये बांधून झाला. तेव्हापासून तिथून 'बाहेर आलेल्या' फुलपात्रांबद्दल मी जितकं ऐकलंय, तितकी फुलपात्रं खरंच तिथे असती तर महाराजांना पाट मांडायला जागा उरली नसती.

एक बातमी तोंडपाठ ठेवा. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांनी विणलेला गालिचा करवून घेतला होता. २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात तो जवळपास ५५ लाख डॉलरना गेला. गिऱ्हाइकाची नजर जुन्या सतरंजीवर पडली की ही बातमी हळूच सांगायची आणि गप्प बसायचं. सतरंजी विकताना उपयोगी पडते. सतरंजी विकत घेताना मात्र चुकूनही सांगू नये.

आता माल. निधनवार्ता वाचायची सवय लावून घ्या, पण तेराव्याच्या आत कुणाकडे जाऊ नका. ते माणुसकीला धरून नाही, शिवाय घरात पाहुणे असतात आणि त्यातला एखादा जावई पितळेचा भाव जाणून असतो. चौदाव्या दिवशी जावं. मुलगा कॅनडाला परतलेला असतो, काकू एकट्या असतात, आणि फ्लॅट घ्यायचा तर माळा रिकामा करणं भाग असतं.

"काकू, माळा आवरायला मदत करू का?"

"कर रे बाबा. माझे तर आता गुडघे चढत नाहीत."

"आणि ह्या घंगाळाचे किती देऊ?"

"पैसे कसले देतोस? लहानपणी आंघोळी केल्यायस तू त्यात. ह्यांना शेवटपर्यंत त्यातलंच पाणी लागायचं."

हे शेवटचं वाक्य लगेच फोनमध्ये टिपून घ्या, पुढे जाहिरातीत लागतं. आणि फुकट घेऊ नका, ते बरं दिसत नाही. मी काकूंना प्लॅस्टिकचे दोन टब नेऊन दिले. झाकणासकट, दोनशे चाळीस रुपयांचे. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

आता हेच घंगाळ उदाहरणादाखल घेऊ. पितळी, दोन बाजूंना कड्या, तोंडाशी सवा फूट रुंद, वजन पाच किलो. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं. भांड्यांच्या दुकानात हातातल्या मशीनने कुरकुर आवाज करत घालून द्यायचे तसं. सुरुवातीचं 'चि.' दिसतं, पुढचं नाव राख आणि काथ्याने घासून घासून गेलेलं, मग 'मौंजीत मामांकडून' आणि शेवटी 'शके १८९३'.

इथे थांबा. या धंद्यातली अर्धी विद्या या चार आकड्यांत आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे घंगाळ १९७१ चं. पंचांग न उघडता हे गणित आपल्या आजीला यायचं. सुदैवाने तुमच्या गिऱ्हाइकाची आजी गेलेली असते, म्हणून तर त्याला दुसऱ्याच्या आजीचं घंगाळ हवं असतं. पण खोटं बोलायचं नाही. 'भांड्यावर १८९३ असं स्पष्ट कोरलेलं आहे' एवढंच लिहायचं. हे शंभर टक्के खरं आहे. फोटो काढताना पाण्यात झेंडूची फुलं सोडतोच आपण. त्यातलं एक 'शके' या दोन अक्षरांवर पडलं, तर फुलाला कोण काय म्हणणार? अठ्ठ्याहत्तर वर्षं एका झेंडूत मिळतात. याहून स्वस्त कच्चा माल दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल तर सांगा.

याच न्यायाने शेजारच्या गुजराती घरातलं त्याच साली घेतलेलं भांडं मात्र सोडून द्या. त्यावर विक्रम संवत असतो, म्हणजे २०२७. इतकं नवं जुनं भांडं कुणी घेत नाही. नुसतं '७१' लिहिलेलं सापडलं तर सोन्याहून पिवळं. शतक गिऱ्हाइकाच्या श्रद्धेवर सोडावं.

नावाचाही विचार करायला हवा. घंगाळ या नावाने घंगाळ विकलं जात नाही. त्याला 'उरळी' म्हणा, लोक दिवाणखान्यात ठेवून त्यात तरंगत्या मेणबत्त्या लावतात. तांब्याच्या बंबाला 'रस्टिक समोवर' म्हणा. पाट म्हणजे 'लो सीटिंग', पोळपाट म्हणजे 'चीज प्लॅटर'. घरोघरी चहाबरोबर पाणी आणून ठेवायचो ते येराचे ग्लास, आपल्या अलेम्बिकचे, एक फुटला की दुसरा यायचा. ते आता 'मिड-सेंच्युरी बरोडा ग्लास' झाले आहेत आणि सहाच्या संचात येतात. सांडशीला काय म्हणावं हे अजून कुणाला सुचलेलं नाही. ती मोफत द्या.

घासणं बंद. आपल्या आयांनी आयुष्यभर चिंच, राख आणि पुढे पितांबरी लावून जे काढून टाकलं, त्याचेच तर आपण पैसे घेतो. घरात त्याला कळक म्हणतात, बाजारात 'पॅटिना'. ताक कळकलं तर ओतून द्यायचं, घंगाळ कळकलं तर दोन हजार वाढवायचे. माझी आई एकदा दुपारी मी बाहेर असताना, "किती घाण ठेवलंयस रे," म्हणत सगळा माल लख्ख घासून बसली. तीन तासांत तिने माझं किमान दोनशे वर्षांचं नुकसान केलं. पुन्हा तेवढं वय आणायला मला मिठाचं पाणी, गच्ची आणि वीस दिवस लागले.

बाकी मालाबद्दल थोडक्यात. एचएमटीच्या किल्लीच्या घड्याळांना मागणी आहे. मूळ डायल डागाळलेली असेल तर रंगवून घेतात. कंपनीने कधी न काढलेले पोपटी, केशरी, गुलाबी रंग यात मिळतात आणि जाणकार त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणून हसतात. जाणकारांना माल दाखवू नये. पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन जितका चकचकीत, तितका तो अलीकडे जोडलेला. मला विचाराल तर तो घेऊ नका, तो वाजतो आणि मग लोक तो ऐकायला बसतात.

रवि वर्म्याचं चित्र मात्र बडोदेकराच्या संग्रही असलंच पाहिजे, कारण खुद्द सयाजीरावांनी त्यांना इथे बोलावून चित्रं काढून घेतली. मूळ चित्रं आपल्याला दिसायची ती संग्रहालयातच. आपला व्यवहार छापील लक्ष्मी-सरस्वतीशी. छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला, नंतर मळवलीला गेला. खऱ्या शिळाछापाखाली भिंग धरलं तर रंगाचे वेडेवाकडे कण दिसतात, आजच्या ऑफसेटखाली ओळीत मांडलेले ठिपके. चहाच्या पाण्यात कागद बुडवून वय आणता येतं, पण ठिपके चहा पीत नाहीत. म्हणून भिंगवाल्या गिऱ्हाइकाला चित्र दाखवायचंच झालं तर काचेच्या चौकटीत, संध्याकाळी, आणि घाईघाईने दाखवावं.

गिऱ्हाइकांपैकी नव्वद जण 'अव्हेलेबल?' एवढं विचारून अंतर्धान पावतील. आठ जण 'लास्ट प्राइस?' विचारतील आणि पहिली काय होती तेही पाहणार नाहीत. एक जण सैन्यात असेल, नुकतीच बदली झालेली असेल, माल न बघताच पूर्ण रक्कम द्यायला तयार असेल आणि "मी क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील," म्हणेल. पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. ही माहिती मला चार हजार रुपयांना पडली, तुम्हाला फुकट देतो आहे. लोकांना १९७१ चं १८९३ करून विकणाऱ्या माणसाला कुणी असं फसवावं, याचं मला फार वाईट वाटलं. जगात विश्वास म्हणून काही उरलेला नाही.

शंभरातली ती शेवटची एक व्यक्ती खरी. माझं घंगाळ न्यू जर्सीच्या एका ताईंनी साडेअठरा हजारांना पसंत केलं. "ह्यांना शेवटपर्यंत त्यातलंच पाणी लागायचं" हे वाचून त्यांनी रडका चेहरा पाठवला आणि पाठोपाठ निम्मी रक्कम. मी घंगाळाला बबल रॅपच्या सहा घड्या घातल्या, भोवती खोकं शिवलं आणि मंगळवारी सकाळी अलकापुरीतल्या कुरिअरवाल्याकडे गेलो.

वजन पाच किलो, मी सांगितलं. त्याने फूटपट्टी काढली. पंचेचाळीस गुणिले पंचेचाळीस गुणिले पंचवीस, भागिले पाच हजार: दहा किलो. आतली पोकळीही मोजतात, हे मला माहीत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी पोकळीचे पैसे माझ्याकडून घेत होतं. एरवी ते काम माझं.

मग त्याने कस्टमच्या कागदासाठी आत काय आहे ते विचारलं, फोटो मागितला. मी सवयीने जाहिरातीतलाच दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला.

"काका, आमां तो अढारसो त्राणुं लख्युं छे. आ तो ॲन्टिक कहेवाय. नहीं जाय."

त्याचं बरोबर होतं. १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा आहे, १९७६ पासून अंमलात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणजे पुरावस्तू. ती विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो, देशाबाहेर तर खासगी माणसाला पाठवताच येत नाही. पाठवली तर सहा महिने ते तीन वर्षं कैद. म्हणजे माझं घंगाळ ताईंसाठी शंभरीपार असणं आवश्यक होतं आणि कस्टमसाठी पन्नाशीतलं. मी झेंडू नसलेला दुसरा फोटो काढला, 'शके' वर बोट ठेवलं आणि भर दुकानात, रांगेतल्या पाचसहा माणसांसमोर, शालिवाहन शक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. अठ्ठ्याहत्तर कसे मिळवायचे ते कागदावर करून दाखवलं. इतक्या कळकळीने मी कुणाला खरं कधी सांगितलं नव्हतं.

"तो एम कहो ने, एकोतेरनुं छे!" तो म्हणाला. "आवां तो मारे घेर चार पड्यां छे. जोईए छे?"

चारही घेतली. किलोच्या भावाने, मोठा भला माणूस निघाला.

पार्सलच्या कागदावर मात्र त्याने '१९७१, घरगुती वापराचं भांडं' असं लिहिलं आणि त्याची प्रत शिरस्त्याप्रमाणे ताईंना ईमेलने गेली. त्यांचा रात्री अडीच वाजता फोन आला. त्यांचं माहेर प्रतापनगरचं, त्यामुळे बोलणं अस्सल बडोद्याचं झालं, इथे देण्यासारखं नाही. सौदा मोडला, पैसे परत गेले, घंगाळ घरी आलं. आई त्याच्याकडे आणि चिंचेच्या बरणीकडे आळीपाळीने बघते आहे.

पण खचून जाऊ नका. परत आलेल्या मालाची किंमत कधी उतरवायची नसते. सध्या जगभरातून देवदेवतांच्या मूर्ती मायदेशी परत येतात, पेपरात फोटो येतात, लोकांचे ऊर भरून येतात. आपलं घंगाळही परदेशी निघालं होतंच की, भले ते अलकापुरीच्या पलीकडे गेलं नसेल. नवी जाहिरात लिहा: 'सातासमुद्रापार जाता जाता रोखलेला बडोद्याचा वारसा'. किंमत साडेवीस हजार. फोटो नवे काढा आणि झेंडू या वेळी मोठा आणा. मागच्या फोटोत 'के' ची मात्रा बाहेर दिसत होती.